गुरुबसप्पा जळकोटला दिला

मी, रत्नम्मा भ्र. महादेवप्पा मिटकरी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा विभूती व पूजेच्या सामानाचे दुकान, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, दुकानाच्या गादीवर बसून, गिऱ्हाईक नसलेली वेळ बघून लिहीत आहे. जिल्ह्याचे नाव लिहिताना हात जरा अडखळला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे गाव निजामाच्या बीदर जिल्ह्यात होते. पुढे ते उस्मानाबादेत गेले. आता लातूर हा नवा जिल्हा झाला, त्यात आहे. मी मात्र याच गल्लीत, याच लिंबाच्या सावलीत आहे. लोक गाडीभाडे खर्चून मुलूख बघायला जातात, मला तीन जिल्हे घरबसल्या बघायला मिळाले.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या जाऊबाई लक्ष्मम्मा यांना विचारले तर त्या म्हणतील, थोडी कमी शाबूत असती तर घरात सगळ्यांचे बरे झाले असते. हा कागद लिहिण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही. या घरात धाक घालायचे काम माझे पती लिंगैक्य झाल्यापासून माझ्याकडेच आहे.

कलम पहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. जाऊबाईंशी भांडताना "माझं सगळं मठाला देऊन टाकीन" असे मी वरचेवर म्हटले आहे. ते तोंडी होते आणि रागात होते, तरी मठाने त्यावर अवलंबून राहू नये.

कलम दुसरे. राहत्या घराचा माझ्या पतीच्या वाटणीचा भाग. पूर्वेस रस्ता, उत्तरेस लिंब, पश्चिमेस माझे धाकटे दीर शरणप्पा यांचा भाग, दक्षिणेस गटार. हा भाग मी सिंधुला देते. गटाराचे भांडण तिने पुढे चालवायचे की नाही हे तिने ठरवावे. मी चालवले आणि मला त्यात वेळ बरा गेला.

सिंधु कोण ते लिहिते. सिंधु ही शरणप्पाची शेवटची मुलगी, इथल्याच शाळेत शिक्षिका आहे. तिला जन्म लक्ष्मम्माने दिला, पण त्या बाळंतपणात लक्ष्मम्मा फार आजारी पडली आणि पोर माझ्या मांडीवर आली. लक्ष्मम्मा पुढे खडखडीत बरी झाली, पण पोर काही मांडीवरून उतरली नाही. ती मला मोठी अव्वा, म्हणजे मोठी आई, म्हणते. मला मूलबाळ झाले नाही, पण सिंधु घरात असली की मला त्याची आठवण होत नाही.

शरणप्पाला मी या कागदात एकेरीत लिहिले आहे, त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. तो आज घरातला कर्ता पुरुष आहे, भुसाराचा व्यापारी आहे, मिशा ठेवतो. पण मी या घरात आले तेव्हा तो अंगठा चोखत होता.

कलम तिसरे. माझ्या पाटल्या सिंधुला. बँकेतले पैसे आहेत तेवढे तिच्या लग्नाला, उरले तर तिलाच. विभूतीचे लाकडी साचे व राख गाळायचे वस्त्र हे सर्व दुकानाबरोबर जाईल. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात आंबील न्यायची पितळी घागर लक्ष्मम्माला, कारण तिचा त्या घागरीवर फार दिवसांपासून डोळा आहे. येळवशीच्या भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, मिरची किती घालावी यावरून आमच्यात जो वाद आहे, त्यात मी मेल्यावर ती जिंकली असे समजू नये.

कलम चौथे. आता मुख्य गोष्ट. लातूरच्या कचेरीत पुण्याकडचे कोणी साहेब हा कागद वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या लिंगायत लोकांत हेळवी येतात. हेळवी म्हणजे घराण्याची नावे तोंडपाठ म्हणणारा. आमचा हेळवी रेवणप्पा सुगी झाली की कर्नाटकातून येतो. बैलावर बसून येतो, दारात घंटा वाजवतो आणि खाली न उतरता मूळ पुरुषापासून आजच्या पोरापर्यंत सगळी नावे म्हणतो. मागच्या फेरीनंतर जन्मलेली लेकरे जोडून घेतो. त्याच्याकडे पोथी आहे, पण ती उघडायला सांगणे म्हणजे त्याचा अपमान. आम्ही त्याला ज्वारी व धोतर देतो आणि बैलाला सरकी देतो. सोयरीक करताना जाणती माणसे दोन्हीकडची नावे हेळव्याकडून ऐकून घेतात. मूळ पुरुष एकच निघाला तर मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात. मग लग्न होत नाही.

आमच्या घरचा मूळ पुरुष गुरुबसप्पा. मोठ्या दुष्काळात त्याने धान्याची पेवे उघडून सारे गाव जगवले आणि स्वतःच्या खर्चाने विहीर खोदली, अशी त्याची ख्याती. माझे सासरे जेवायला बसले की गुरुबसप्पा पहिल्या घासाला यायचा. मिटकरी म्हणजे मीठ विकणारे, हे इथे शेंबड्या पोराला कळते. पण सासरे सांगायचे की गुरुबसप्पाने गावाला मीठ फुकट वाटले म्हणून आपण मिटकरी. मी नवी सून होते, मान हलवत होते. शरणप्पाने पुढे दुकानावर पाटीच लावली, 'गुरुबसप्पा मिटकरी यांचे वंशज'. खाली बारीक अक्षरात तूर, हरभरा, ज्वारी.

सिंधुने स्वतःसाठी मुलगा बघितला. वीरभद्र शेटे, राहणार जळकोट. नवा जिल्हा झाला तेव्हा लातूरच्या कचेरीत त्याला नोकरी लागली. मुलगा आपलाच, लिंगायत, शिकलेला, बोलायला मवाळ. त्याचे आजोबा धोंडप्पा शेटे हे जळकोटचे जुने कापड व्यापारी. दोन्ही घरे खूश झाली. इतकी खूश झाली की कोणी हेळव्याला विचारलेच नाही. आम्हाला वाटले, आपले घराणे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे, विचारायचे कशाला? त्यांनाही तेच वाटले.

दिवाळीनंतर साखरपुडा ठरला. जळकोटची मंडळी आली, पंगत बसली, आणि दारात घंटा वाजली. रेवणप्पा आला होता. शरणप्पाला आनंद झाला. त्याने हातातले वाढप खाली ठेवले आणि व्याह्यांना म्हणाला, "घ्या, बरुबर वेळंला आला. आता आयकाच आमचं घराणं काय हाय ते."

रेवणप्पाने घंटा वाजवून सुरुवात केली, "मूळ पुरुष गुरुबसप्पा, पेव उघडलेला, विहीर खंदलेला..."

धोंडप्पांनी उचललेला घास ताटात ठेवला. "ह्यो तर आमचा हाय."

"तुमचा कसा?" शरणप्पा म्हणाला. "आमचा हाय. पाटी न्हाई का बघितली बाहीर?"

"पाटी आमचीबी हाय. तुमच्या आधीची हाय."

मग दोघेही बैलावरच्या रेवणप्पाकडे बघू लागले. रेवणप्पा शांतपणे म्हणाला, "दोनी घरचा हाय. दोनी घरी मीच म्हणून राहिलो न्हवं?"

दोघांनाही एकदमच कळले की गुरुबसप्पा दोन्ही घरांचा असेल तर वीरभद्र आणि सिंधु भाऊबहीण होतात. वीरभद्र पानावरून उठला आणि काय करावे न कळून परत बसला. सिंधु आत साखरेचे पुडे मांडत होती, ती बाहेर आलीच नाही. जळकोटची मंडळी अर्धपोटी गाडीत बसली. जाताना धोंडप्पा म्हणाले, "सोडायचा तर तुमी सोडा गुरुबसप्पाला. घरच्या कर्त्या माणसाच्या सहीनं लिहून द्या. आमी न्हाई सोडत." शरणप्पा म्हणाला, "मी मेलो तरी न्हाई."

त्या दिवसापासून सिंधु शाळेत जाई, येई, जेवायला वाढले तर जेवी. मला वाटले होते, पोर रडेल, भांडेल, मग मी तिच्या बाजूने भांडीन. ती शाळेच्या वह्या तपासत बसली, त्याने माझे काळीज तुटले.

मी ठरवले की या गुरुबसप्पाची पाळेमुळे शोधायची. आधी कचेरीत गेले. कचेरीतल्या माणसांचा काही दोष नाही, तिथे मला चहा दिला. पण जिल्हाच इतक्यांदा हलला आहे की जुने कागद कुठे बसलेत ते कागदांनाही माहीत नसेल. लातूरने उस्मानाबाद सांगितले, तिथल्यांनी बीदर सांगितले, बीदर तर आता दुसऱ्या राज्यात. मी घरी आले, आणि वाती वळताना मला बहात्तर सालची आठवण झाली.

बहात्तरच्या दुष्काळात रेवणप्पा पायी आला होता. त्याचा बैल चाऱ्यावाचून गेला होता, घंटा त्याने स्वतःच्या गळ्यात अडकवली होती. आमच्या घरात द्यायला ज्वारी नव्हती. सरकारी सुकडी होती. शरणप्पा म्हणायचा, गुरुबसप्पाचे वंशज सुकडी खात नाहीत, आणि मागच्या दाराने येऊन गूळ घालून खायचा. मी रेवणप्पाला वाटीभर सुकडी दिली. त्याने खाल्ली, हात धुतला आणि माझ्या एकटीसमोर उभे राहून सगळी नावे म्हटली. सुरुवात केली ती अशी, "मूळ पुरुष संगप्पा, मीठवाला." मला वाटले, भुकेने बिचाऱ्याची घरे एकमेकांत मिसळली. मी काही बोलले नाही आणि पुढे विसरून गेले.

आता मी एसटीने उदगीरला गेले. रेवणप्पा तिथल्या मठात उतरला होता. मी त्याला सरळ विचारले, त्या साली संगप्पा का म्हणालास?

तो म्हणाला, "अव्वा, तवा ना ज्वारी व्हती, ना धोतर. मान राखायला कायच न्हवतं. म्हणून खरं म्हणलो."

"मग गुरुबसप्पा कुठून आला?"

"तुमच्या सासऱ्यानं आणला. माझ्या बापाला म्हणले, आमाला जरा बरा मूळ पुरुष बघ. बाप म्हणला, एक हाय, पर लई लांबचा. सासरे म्हणले, लांबचाच बरा, कोण बघाय जातंय. जळकोटच्यायनीबी तसंच मागून घेतला, आमी त्यांला तोच दिला. दोनी घरं एकमेकाला ईचारतील असं बापाला वाटलंच न्हाई."

"आणि जुनी नावे पुसली?"

"पुसतोय व्हय, अव्वा? जुनं खाली ठिवलं, नवं वर ठिवलं. तुमचं जुनं निराळं, त्यांचं जुनं निराळं. पोरांचं लगीन व्हतंय."

मला हसू आवरेना. दोन घरांनी मोठेपणासाठी उसना आजोबा आणला, आणि त्याच आजोबाने त्यांच्या पोरांना भाऊबहीण करून ठेवले. रेवणप्पाला कोणी दोष देऊ नये. आपण ज्या रंगाचे लुगडे मागतो तेच दुकानदार काढून दाखवतो.

कलम पाचवे. हे कलम आणि वरचे रेवणप्पाचे उदगीरचे बोलणे जळकोटला वाचून दाखवू नये. नक्कल देताना गाळावे. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात असे चालत नाही. मी म्हटले, मग तुम्ही इथे आल्यावर हळू वाचा.

मी उदगीरहून परत आले आणि शरणप्पाला सगळे सांगितले. त्याला पटले नाही. म्हणून मी त्याला घेऊन गुरुबसप्पाच्या गावी गेले. ते भालकीच्या पुढे, आडबाजूला आहे. विहीर खरी निघाली. यंदा आमच्याकडे आडाला खडखडाट आहे, तिथे मात्र कठड्यावरून वाकले तर पाणी दिसत होते. शेजारी गुरुबसप्पाची समाधी. एक म्हातारी समाधीवर बेल वाहत होती. शरणप्पाने तिला कानडीत मोठ्या आवाजात सांगितले की आम्ही यांचे वंशज. म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "मक्कळु इल्ला." म्हणजे त्याला लेकरू नव्हते. लेकरू नव्हते म्हणूनच त्याने सगळे गावाला घातले, पेव आणि विहीर दोन्ही.

शरणप्पा उदगीर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "वैनी, हे कुणाला सांगू नका."

मला काय वाटले तेही लिहिते. मी त्या विहिरीवर बसून पोटभर पाणी प्याले. मला त्या माणसाबद्दल आनंद झाला. बिचाऱ्याला लेकरू नव्हते, आणि मेल्यावर इतक्या वर्षांनी दोन घरे त्याच्यावरून भांडत आहेत. बापावरून भांडतात ती लेकरेच. माझ्यासारख्या बाईला हे बघून बरे वाटणारच.

आता कोणी म्हणेल, एवढे कळले तर धोंडप्पांनाही सांगून टाका, लग्न मोकळे होईल. होईल. पण त्या म्हाताऱ्याने सारा जन्म गुरुबसप्पाच्या नावावर काढला. मांजरपाट मोजून देतानासुद्धा ते चार बोटे जास्त सोडतात आणि म्हणतात, गुरुबसप्पाचे घर आहे, हात आखडायचा नाही. त्यांचा आजोबा काढून घ्यायचा आणि त्याच घरात आपली पोर नांदायला पाठवायची, हे मला पटत नाही. आमच्या घरात त्या नावाने पाटी लागली, त्यांच्या घरात चार बोटे कापड जास्त सुटले. तेव्हा तो कोणाकडे शोभतो हे उघड आहे.

कलम सहावे. मी या घरची थोरली सून या नात्याने आमचा पूर्वज गुरुबसप्पा, त्याच्या पेवांसह, विहिरीसह, त्याच्या नावाच्या सर्व ख्यातीसह, श्री. धोंडप्पा शेटे, राहणार जळकोट, तालुका उदगीर, यांना व त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कायमचा देत आहे. आजपासून मिटकरी घराण्याचा त्याच्यावर कसलाही हक्क, वाटा, दावा राहिलेला नाही. आमच्या दारात हेळव्याने हे नाव म्हणू नये. कोणी मिटकरी पुढे जेवताना गुरुबसप्पाची गोष्ट सांगू लागला तर ऐकणाऱ्याने "ते जळकोटचे" असे म्हणून त्याला भाजी वाढावी. हा आमच्याकडून सिंधुच्या लग्नातला आहेर समजावा. एवढा मोठा आहेर अहमदपुरात आजवर कोणी दिलेला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कलम सातवे. आमचा मूळ पुरुष संगप्पा मीठवाला. रेवणप्पाने सांगितले ते असे, एका दुष्काळात तो बैलावर मीठ लादून या गावाशी आला. बैल मेला. संगप्पाने पाणी मागितले, ते त्याला आमचे बांधशेजारी अमृतराव यांच्या पूर्वजांनी त्यांच्या विहिरीचे दिले आणि राहायला गोठ्याचा कोपरा दिला. तो तिथेच राहिला. मीठ विकून त्याने कोपऱ्याची खोली केली, खोलीचे घर केले. बस्स, एवढीच त्याची ख्याती.

याला पुरावा काय, असे शरणप्पाने विचारले. पुरावा दरसाल त्याच्याच डोक्यावर असतो, आंबिलीच्या घागरीत. येळवशीच्या दिवशी आम्ही शेतात पांडवांची पूजा करतो, पण आंबिलीचा पहिला तांब्या आधी अमृतरावांच्या बांधावर, एका दगडापाशी ओततो, आणि दुसरा त्यांच्या घरच्यांना देतो. सासरे सांगायचे, आपण दानशूर म्हणून. यंदाच्या येळवशीला मी अमृतरावांना विचारले, हा दगड कसला?

अमृतराव मराठा शेतकरी, सरळ माणूस. ते म्हणाले, "तुमच्या म्हाताऱ्याचा बैल हितं पुरलाय. आमची आजी सांगायची."

"मग तुम्ही इतकी वर्षे बोलला नाहीत?"

"तुमी गुरुबसप्पा म्हणून राहिला व्हता. आमी कशाला मधी बोलावं? आंबील तर येतच व्हती."

आम्ही विसरलो, आणि त्यांनी आठवण ठेवून वर आमची लाजही झाकली. ही आंबील पुढेही द्यायची आहे. फक्त दानशूर म्हणून नव्हे, पाणी प्यालेल्या माणसाने देतात तशी, दोन्ही हातांनी.

शरणप्पा यावर म्हणाला, "संगप्पा? मीठ विकणारा? लोक हासतील, वैनी." मी म्हटले, "मिटकरी नाव लावून जन्मभर हिंडलास, लोकांचे हसून कधीच झाले असेल."

कलम आठवे. विभूतीचे दुकान. हे माझ्या पतीने मला दिले आणि मी चालवले. या तालुक्यात लेकराच्या गळ्यात लिंग बांधायचे असले की शिवदार, म्हणजे लिंगाचा दोरा, माझ्याकडून जातो, माणूस लिंगैक्य झाला की विभूती माझ्याकडून जाते. हे दुकान शरणप्पाच्या भुसार दुकानाला लागून आहे. मधली भिंत पाडून दुकान रुंद करावे ही त्याची फार जुनी इच्छा आहे. तो झोपेतसुद्धा ती भिंत पाडत असतो असे लक्ष्मम्मा सांगते.

तर मी असे ठरवले आहे. या कागदावर साक्षीदार म्हणून एक सही अमृतरावांची राहील. दुसरी जागा मी मोकळी ठेवली आहे, ती शरणप्पासाठी. त्याने सही केली की गुरुबसप्पा सोडल्याचे कर्त्या पुरुषाच्या सहीने लिहून मिळाले, धोंडप्पांची अट पुरी होते आणि सिंधुचे लग्न होते. पण वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये हे बरे. म्हणून शरणप्पाने सही केली तर दुकान सिंधुला, त्याला काही नाही, भिंतही नाही. सही केली नाही तर दुकान शरणप्पाला, त्याने भिंत पाडावी, पाटी वाढवावी आणि गुरुबसप्पा जवळ ठेवावा. मी त्याच्यावर रागावणार नाही. सिंधु मात्र माझ्यासारखी याच लिंबाखाली म्हातारी होईल, एवढे त्याने रोज बघावे.

हा कागद मी त्याच्यापुढे ठेवून आत जाणार आहे. कोणाच्या हातात लेखणी देऊन डोक्यावर उभे राहणे मला आवडत नाही.

कलम नववे. मी लिंगैक्य झाल्यावर आपल्या रीतीप्रमाणे बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग देऊन मला मातीत ठेवावे. विभूती आपल्याच दुकानातली वापरावी, मी केलेली, वस्त्रगाळ. समाधी बांधू नये, दगड पुष्कळ झाले. रेवणप्पा आला की त्याला ज्वारी, धोतर आणि बैलाला सरकी द्यावी, आणि नावे संगप्पापासून म्हणवून घ्यावीत.

माझ्या पतीच्या नावापाशी त्याची ओळ थांबेल. रेवणप्पाने मला ते सांगितले आहे, "अव्वा, लेकरू न्हाई तितं थांबावं लागतं." थांबू द्यावी. कोणती तरी ओळ कुठे तरी थांबतेच. मला त्याचे थोडे वाईट वाटते, नाही म्हटले तर ते खोटे होईल आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये. पण फार वाईट वाटत नाही.

व्यवस्था बघण्यासाठी मी अमृतरावांना नेमते. ज्याचे घर तीन पिढ्या गप्प बसू शकते त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

येणेप्रमाणे हा कागद मी वाचून बघितला. त्यात खाडाखोड एके ठिकाणी आहे, ती जाऊबाईंबद्दल होती, ती मीच खोडली आहे.

सही,
रत्नम्मा भ्र. महादेवप्पा मिटकरी
स्थळ अहमदपूर, जिल्हा लातूर
दिनांक ९ जानेवारी १९८७

साक्षीदार
अमृतराव, शेतकरी, राहणार अहमदपूर. कागद माझ्यासमोर सही झाला. बैल आमच्याच बांधावर आहे, हे खरे आहे.

साक्षीदार
मी शरणप्पा, राहणार अहमदपूर, धंदा भुसार, संगप्पा मीठवाला याचा वंशज. वैनीनं माझ्यासमोर सही केली. कागद समदा वाचला. गुरुबसप्पा जळकोटला दिला, माझी हरकत न्हाई. पाटी सकाळीच उतरवली. भिंत हाय तशी राहू द्या, तिला टेकून बसायची सवय झाली हाय.

वैनीनं कागदात एक गोष्ट चुकीची लिहिली, ती मी सुधारतो. रेवणप्पानं महादेवप्पापाशी थांबायचं न्हाई. महादेवप्पा आन् रत्नम्मा, त्यांची लेक सिंधु, असं म्हणायचं. पोर जन्मली त्याच साली त्यांच्या मांडीवर दिली हाय, लक्ष्मम्माला ईचारलं, ती बी हाव म्हणली. नुसतं सांगायचं राहून गेलं व्हतं.

सही,
शरणप्पा मिटकरी
दिनांक तोच. वैनी अजून आतच हायेत.